बीजकाची मायबोली

एका भाषेचे घर एकच असते, अशी आमची लहानपणी समजूत करून देण्यात आली होती. मराठीचे घर पुणे, बंगालीचे कलकत्ता, फ्रेंचचे पॅरिस. पुढे वकिलीत पडलो आणि ध्यानात आले, की भाषेला घर एक असो वा दहा असोत, तिला सरकारे मात्र अनेक असतात. शब्दाचा अर्थ कोशात पाहावयाचा की कायद्यात, हे त्या शब्दावर कोणाचे पैसे अवलंबून आहेत की नाहीत, यावरून ठरते. प्रेमपत्रातला शब्द चुकला तर फार तर रुसवा येतो. बीजकातला चुकला तर नोटीस येते.

हे विचार मनात यावयास कारण झाले फ्रेंच. आमचे फ्रेंच यथातथाच. महाविद्यालयात पर्यायी विषय म्हणून घेतलेले आणि पुढे हौसेने जोपासलेले. परंतु बेळगावसारख्या गावात एवढ्या भांडवलावरही मनुष्य तज्ज्ञ ठरतो. शहापूरच्या एका विणकर घराण्यातला तरुण दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आला, तो याच कीर्तीवर. घरच्या मागावर विणलेली उपरणी आणि शाली तो इंटरनेटवरून परदेशी विकतो. त्याची बरीचशी गिऱ्हाइके फ्रेंच बोलणारी. कोणी ल्यों शहरातली, कोणी ब्रुसेल्सची, कोणी लोझानची, तर कोणी थेट कॅनडातल्या माँट्रियलची. बीजक गिऱ्हाइकाच्या भाषेत असावे, या सद्बुद्धीने त्याने एका भाषांतरकाराकडून फ्रेंच बीजकाचा नमुना करवून घेतला होता. नमुन्यात बोट ठेवावयास जागा नव्हती. व्याकरण शुद्ध, वळण अस्सल पॅरिसचे. किमतीपुढे तीन अक्षरे होती, ते-ते-से; म्हणजे ‘तूत ताक्स कोंप्रीज’, सर्व कर धरून. त्याखाली ओळ होती, ते-वे-आ, वीस टक्के.

“वकीलकाका,” तो म्हणाला, “सहा पार्सलं परत आलीत बघा. माँट्रियलच्या बाई लिहितात, सगळे कर धरलेत असं तुम्हीच छापलंय, मग टपालवाल्यानं दारात परत कर कसा मागितला? शिवाय ते-वे-आ म्हणजे कुठला कर, आमच्यात असला कर नाही म्हणतात. आमचं फ्रेंच चुकलं काय?”

“फ्रेंच चुकलेलं नाही,” आम्ही म्हणालो, “गाव चुकलंय.”

त्या सहा पार्सलांपैकी एकात त्याच्या आईने जवळजवळ महिनाभर मागावर बसून विणलेली शाल होती. जाण्यायेण्याचे भाडे त्याच्या माथी बसले होते आणि गिऱ्हाइकांचे पैसेही परत करावे लागले होते. लहान धंद्याला सहा पार्सले म्हणजे थोडी नव्हेत. आम्ही ते बीजक ठेवून घेतले, आणि त्यानिमित्ताने फ्रेंच भाषेतल्या करशब्दांचा जो प्रवास घडला तो इतका मनोरंजक निघाला, की वाचकांनाही थोडे बरोबर न्यावे असे वाटते.

ते-वे-आ या तीन अक्षरांचा विस्तार ‘ताक्स सुर ला वालर आजूते’. आपण ज्यास मूल्यवर्धित कर म्हणतो तोच. त्याची जन्मभूमी फ्रान्स. तेथील करखात्यातले एक अधिकारी मोरिस लोरे यांच्या कल्पनेतून तो निघाला आणि १० एप्रिल १९५४ च्या कायद्याने अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या उलाढालीवरील करांत एक खोड होती. सूत विकले की कर, त्याचे कापड विकले की पुन्हा कर, कापडाचा अंगरखा झाला की आणखी एकदा. आणि प्रत्येक कर आधीच्या करासकट सगळ्या किमतीवर. लोरे यांच्या योजनेत प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतः भर घातलेल्या मूल्यापुरताच भार सरकारात भरावयाचा आणि आधी भरलेल्या कराची वजावट बीजक दाखवून घ्यावयाची. बीजक हा कागद एरवी दोन माणसांतला. या कराने तो सरकारापुढचा पुरावा झाला. तेव्हापासून त्यावरील प्रत्येक अक्षराला वजन आले. त्याच १९५४ साली, नोव्हेंबर महिन्यात, पुदुच्चेरीचा कारभार फ्रेंचांनी भारताच्या हाती दिला. कर जन्मला आणि सहासात महिन्यांत फ्रेंच अंमल आपल्या किनाऱ्यावरून उठला. पुढे तो कर जगाची फेरी करून गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांत १ एप्रिल २००५ रोजी एकदमच दाखल झाला, तेव्हा त्याचे फ्रेंच कूळ कोणाच्या ध्यानातही नव्हते.

फ्रान्समध्ये या कराचा सर्वसाधारण दर २०१४ पासून वीस टक्के आहे. तेथे किमतीची दोन रूपे मानतात, ‘ऑर ताक्स’ म्हणजे कराविना आणि ‘तूत ताक्स कोंप्रीज’ म्हणजे करासकट. व्यापारी व्यापाऱ्याशी पहिल्या भाषेत बोलतो, दुकानदार गिऱ्हाइकाशी दुसऱ्या. सामान्य गिऱ्हाइकाला करासकट किंमत सांगावी असा तेथे नियमच आहे. त्यामुळे पॅरिसच्या गृहिणीला ‘किंमत’ या शब्दात कर पोटातच असतो, तो वेगळा मोजावा लागत नाही.

तेथून आगगाडीने दीड तासात ब्रुसेल्स. कराचे नाव तेच, ते-वे-आ. दर मात्र एकवीस. बेल्जियमने हा कर १९७१ पासून लागू केला. पण बीजकावरचे संक्षेप बदलले. बेल्जियन मनुष्य बहुधा नुसते ‘ऑर ताक्स’ लिहिणार नाही. ‘ऑर ते-वे-आ’ लिहील, आणि ‘सर्व कर धरून’ऐवजी ‘ते-वे-आ कोंप्रीज’ म्हणेल. पॅरिसकर सगळ्या करांचे मोघम नाव घेतो, ब्रुसेल्सचा व्यापारी त्या एका कराचे. परतीच्या मालाबद्दल द्यावयाच्या कागदास फ्रान्समध्ये ‘आवुआर’ म्हणतात, बेल्जियममध्ये ‘नोत द क्रेदी’. रक्कम अक्षरी सांगावयाची झाली तर फरक आणखी उठून दिसतो. फ्रान्समध्ये नव्वद म्हणजे ‘चार विसा दहा’, आपल्याकडचे जुने लोक विसाने मोजीत तसेच; बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये सरळ ‘नोनांत’. पॅरिसच्या शाळामास्तराला हे ‘नोनांत’ गावंढळ वाटेल. पण नव्वदास एकच शब्द असणे हिशेबनिसाच्या दृष्टीने किती सोयीचे, हे त्याला कोण सांगणार?

स्वित्झर्लंडमध्ये हा कर बराच उशिरा आला. १९९३ च्या नोव्हेंबरात जनतेचा कौल घेण्यात आला आणि १९९५ च्या पहिल्या तारखेपासून तो सुरू झाला. त्याआधी १९४१ पासून तेथे उलाढालीवरचा कर होता आणि त्याचे फ्रेंच नावही निराळे होते. आज दर ८.१ टक्के. लोझानच्या व्यापाऱ्याचा करक्रमांक देशाच्या अक्षरांनी सुरू होतो, मग नऊ आकडे, आणि शेवटी कराचे नाव. फ्रेंच भागात ते-वे-आ, जर्मन भागात जर्मन संक्षेप, इटालियन भागात ‘इवा’. कर एक, खजिना एक, क्रमांक एक; केवळ शेपटीवरून मालकाची भाषा ओळखावयाची. तीन भाषांचा संसार कसा करावा, याचा हा एक लहानसा धडा आहे.

अटलांटिक ओलांडले की मात्र नावच बदलते. कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने १९९१ मध्ये जो कर बसविला त्याचे फ्रेंच नाव ‘ते-पे-एस’. ‘उत्पादने आणि सेवा यांवरील कर’. त्याचा दर आरंभी सात होता, २००८ पासून पाच आहे. क्वेबेक प्रांताचा स्वतःचा कर वेगळा, ‘ते-वे-क्यू’, म्हणजे क्वेबेकचा विक्रीकर. माँट्रियलच्या बीजकावर हे दोन्ही दोन ओळींत येतात. त्यांच्या दरांत एक गंमत आहे. २०१२ अखेरपर्यंत प्रांताचा कर मध्यवर्ती कर मिळविलेल्या रकमेवर मोजीत, करावर कर! दर होता साडेनऊ. २०१३ पासून तो मूळ किमतीवरच मोजावयाचे ठरले; पण सरकारने आपले नुकसान होऊ दिले नाही. साडेनवास १.०५ ने गुणा, उत्तर येते ९.९७५. तोच नवा दर. तीन दशांश स्थळांचा तो विचित्र आकडा म्हणजे मोडून टाकलेल्या जुन्या हिशेबाचा वण आहे.

त्याच कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतातही पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलणारे लोक राहतात. त्यांच्या बीजकावर ना ते-पे-एस, ना ते-वे-क्यू; तेथे दोन्ही मिळून एकच ‘ते-वे-आश’, एकत्रित विक्रीकर, पंधरा टक्के. ऑन्टारिओतल्या फ्रेंच कुटुंबाला तोच कर तेरा टक्के. आणि सर्वांत महत्त्वाचा भेद शब्दांतही नाही, तो मौनात आहे. क्वेबेकच्या दुकानात पाटीवरची किंमत बहुधा कराविना असते. कर गल्ल्यावर चढतो. ‘ताक्स आं स्यूस’, कर वरून, असे लिहिले नसले तरी गिऱ्हाइकाला ते ठाऊक असते. म्हणजे ‘प्री’, किंमत, हा सर्वांत साधा शब्द पॅरिसमध्ये करासकट असतो आणि माँट्रियलमध्ये कराविना. उच्चार जवळपास तोच, लिखाण तेच. खिशातून जाणारी रक्कम निराळी.

एकच फ्रेंच कादंबरी घेऊन हिंडलो तर हे अधिक स्पष्ट होईल. पॅरिसमध्ये छापील पुस्तकावर साडेपाच टक्के, ब्रुसेल्समध्ये सहा, लक्झेंबर्गमध्ये तीन, लोझानमध्ये २.६. माँट्रियलमध्ये मध्यवर्ती पाच टक्के द्यावे लागतात, प्रांताचा कर मात्र माफ. कादंबरीतला एक स्वल्पविरामही बदलत नाही. पण ती ज्या कागदात गुंडाळून जाते, त्यावरची फ्रेंच प्रत्येक वेशीवर वेष बदलते.

फ्रान्सच्या ध्वजाखालीही एकवाक्यता आहे असे समजू नये. पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियाने ऑक्टोबर २०१८ पासून आपला वेगळा कर चालविला आहे. त्याचे नाव ‘ते-जे-से’, उपभोगावरील सर्वसाधारण कर. मार्तिनिक आणि रेयुनियाँ या बेटांवर ते-वे-आ आहे, पण दर ८.५, आणि गयाना व मायोत येथे तो आकारलाच जात नाही. मार्तिनिक, रेयुनियाँ, गयाना व मायोत या सागरपार प्रदेशांत आणखी एक जुना कर आजही नांदतो, ‘ऑक्त्रुआ द मेर’. हा शब्द ऐकून आमच्या पिढीच्या वाचकाला हसू आल्यावाचून राहणार नाही. आपल्या गावाच्या वेशीवर ज्या नाक्यापुढे मालमोटारींची रांग लागे, तो ऑक्ट्रॉय नाका हा याच शब्दाचा भाऊबंद! फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून आपल्याकडे. आणि आपण त्याला जकात हे अरबी नाव देऊन घरात घेतला. मुंबईत तो २०१७ च्या जुलैपर्यंत होता. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरून नाहीसा झालेला हा शब्द दूरच्या बेटांनी जपला. मूळ घरी मेलेला शब्द सरहद्दीवर जगतो, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही.

आता वळू कायद्याकडे. युरोपीय संघाच्या २००६ च्या मूल्यवर्धित कराविषयीच्या निर्देशात २०३ वे कलम आहे. ते अगदी छोटे आहे आणि त्याचा आशय असा, की जो कोणी बीजकावर हा कर लिहील, तो त्या कराचा देणेकरी होईल. कर खरोखर देय होता काय, हा प्रश्न मागाहून. लिहिलेस, आता भर! आमच्या विणकराने तर वीस टक्क्यांची ओळ छापून ठेवली होती. युरोपातला अधिकारी शहापुरात येऊन त्याचा माग जप्त करील, असे भय नव्हते. परंतु ज्या कागदावर आपण न घेतलेला कर घेतल्याचे लिहिलेले आहे, तो कागद शंभर घरी पाठविणे हे शहाणपणाचेही नव्हते.

शिवाय एक गोष्ट ल्यों शहरापुरतीही खरी होती. युरोपात १ जुलै २०२१ पासून बावीस युरोपर्यंतच्या पार्सलांना असलेली माफी गेली. दीडशे युरोपर्यंतच्या मालासाठी एक खिडकी योजना निघाली. तीत नाव नोंदविणारा विक्रेता गिऱ्हाइकाच्या देशाचा कर विक्रीच्या वेळीच घेतो, इतरांच्या मालावरचा कर पार्सल पोहोचताना वसूल होतो. आमच्या तरुणाने नाव नोंदविलेले नव्हते. म्हणजे ल्योंच्या बीजकावर शब्द बरोबर आणि विधान खोटे. माँट्रियलच्या बीजकावर विधानही खोटे आणि शब्दही परका. भाषांतरकाराचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याला ‘फ्रेंचमध्ये’ करावयास सांगितले होते, आणि त्याने ते केले. कोणत्या सरकारच्या फ्रेंचमध्ये, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

तोड अगदी साधी निघाली. एका नमुन्याचे चार नमुने केले. ल्योंसाठी ‘ऑर ताक्स’, ब्रुसेल्ससाठी ‘ऑर ते-वे-आ’, लोझानसाठी ‘ते-वे-आ धरलेला नाही’, माँट्रियलसाठी ‘ते-पे-एस आणि ते-वे-क्यू वेगळे’. टक्क्यांची ओळ काढून टाकली. आणि सर्वांवर एक स्वच्छ वाक्य घातले, की माल पोहोचताना आपल्या देशाचा कर आपणास द्यावा लागेल. “एवढं सरळ लिहिलं तर गिऱ्हाईक पळणार नाही काय?” त्याने विचारले. आम्ही म्हणालो, “आधी कळलेल्या करानं कोणी पळत नाही, दारात कळलेल्यानं पळतं.” त्यानंतर या कारणावरून त्याचे एकही पार्सल परत आलेले नाही.

भाषा आणि बीजक यांचे वैर न्यायालयापर्यंत कसे जाते, याचा एक दाखला बेल्जियममधूनच सांगण्याजोगा आहे. त्या देशाच्या डच भाषिक भागात असा दंडक होता, की तेथल्या व्यापाऱ्याचे बीजक डचमध्येच असले पाहिजे, नाहीतर ते शून्यवत. तेथल्या एका कंपनीने इटलीतल्या गिऱ्हाइकाला इटालियनमध्ये बीजके पाठविली. म्हणजे सौजन्यच केले. पैसे मागावयाची वेळ आली तेव्हा इटालियन गिऱ्हाईक म्हणाले, ही बीजके डचमध्ये नाहीत, सबब ती रद्द! जी भाषा आपणास समजते तीत लिहिले, ही ज्याची तक्रार, असा प्रतिवादी आम्ही आमच्या वकिलीत पाहिलेला नाही. युरोपीय न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २१ जून २०१६ रोजी ‘न्यू वाल्मार’ या खटल्यात निर्णय दिला, की सरहद्दीपलीकडच्या व्यापारात असा कडकडीत दंडक मालाच्या मुक्त संचाराला बाधक आहे. दोन्ही पक्षांस समजणाऱ्या भाषेतले बीजकही अधिकृत ठरावयास वाव हवा. भाषेचे संरक्षण हा हेतू न्यायालयाने वैध मानला; उपाय हेतूपेक्षा मोठा झाला, एवढेच त्याचे म्हणणे. बेळगावात राहून हा निकाल वाचताना तो आम्ही दोनदा वाचला, हे सांगावयास नकोच.

कारण हा सगळा प्रपंच आपल्या अंगणातलाच आहे. २०१७ मध्ये देशभर एक कर आला. इंग्रजीतल्या ज्या शब्दाला कॅनडाच्या फ्रेंचने ‘उत्पादने’ म्हटले, त्याला महाराष्ट्राच्या कायद्याने ‘वस्तू’ म्हटले आणि हिंदीने ‘माल’. पुण्याच्या मराठी माणसाचा वस्तू व सेवा कर. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या समोर येतो तो ‘माल और सेवा कर’. बडोद्याच्या आमच्या स्नेह्यांच्या बोलण्यात कराला ‘वेरो’ म्हणण्याची सवय जुन्या वेचाणवेऱ्यापासूनची. हैदराबादेत ‘पन्नु’, बेळगावात ‘तेरिगे’. घरात मराठी बोलणारी ही सारी माणसे सरकारशी बोलताना पाच निरनिराळे शब्द उच्चारतात, आणि त्यातले काही शब्द हळूहळू माजघरापर्यंत येतात. मग पुण्याहून पाहुणा येतो आणि विचारतो, “हे काय तुमचं मराठी?”

त्या पाहुण्याला उत्तर द्यावयाचे तर ते फ्रेंच बीजकात सापडते. माँट्रियलचा हिशेबनीस ते-पे-एस लिहितो तेव्हा तो पॅरिसच्या भाषेचा अपभ्रंश करीत नसतो. तो आपल्या कायद्याचे बरोबर नाव घेत असतो. त्याने शुद्धतेच्या हौसेने ते-वे-आ लिहिले, तर ती शुद्ध फ्रेंच होईल आणि खोटे बीजक होईल. करासंबंधीचा शब्द बोलणाऱ्याच्या लहरीवर ठरत नाही, विधिमंडळात ठरतो. आणि विधिमंडळे जितकी, तितके शुद्ध शब्द. कवितेची मराठी पुण्याशी, पणजीशी, इंदूरशी एकच असावी असा आग्रह आम्ही समजू शकतो. पण करारपत्र, खरेदीखत आणि बीजक यांची मराठी जेथे माणसाचे पैसे आणि घरदार आहे तेथल्या कायद्याशी प्रामाणिक असली पाहिजे. तेथे परक्या गावचा शुद्ध शब्द वापरणे म्हणजे शेजाऱ्याच्या किल्लीने आपले कुलूप उघडू पाहणे.

क्वेबेकच्या लोकांनी या बाबतीत एक चांगला मार्ग दाखविला आहे. तेथे फ्रेंच भाषेसाठी १९६१ पासून एक सरकारी कार्यालय आहे. तेच साल आपल्या वाचकांना गोव्याच्या मुक्ततेचे म्हणून ठाऊक आहे. त्या कार्यालयाने जो मोठा परिभाषाकोश चालविला आहे, त्यात शब्दाचे लिंग जसे दिलेले असते तसे, गरज पडेल तेथे, तो कोठे चालतो तेही दिलेले असते. हा फ्रान्सचा, हा बेल्जियमचा, हा क्वेबेकचा. कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. मराठीच्या कोशकारांनी हा पायंडा घ्यावा, अशी आमची विनंती आहे. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग यांच्याशेजारी कायद्याच्या शब्दापुरता आणखी एक लहानसा संकेत असावा. महाराष्ट्र, गोवे, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण, कर्नाटक. मग बडोद्याच्या मुलीला बेळगावचे खरेदीखत वाचताना आणि बेळगावच्या वकिलाला इंदूरचे मृत्युपत्र चाळताना, समोरचा शब्द चुकलेला आहे की केवळ दुसऱ्या गावचा आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळेल. आणि पुष्कळांचे पैसे, थोडासा अपमान व एखाददुसरा खटला वाचेल. वकिलाने अशी सूचना करावी, यात त्याचा स्वार्थ नाही हे तरी वाचक मान्य करतील.